सुरक्षेच्या विषयावर सभागृहात प्रश्न विचारणं चूक आहे का? गोखल्यांच्या भाषणांबद्दल मदत हवी

कर्वेनगरची_वाचक

नमस्कार मंडळी. मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुण्यातच. पुढच्या महिन्यात कॉलेजात सेमिनार आहे आणि विषय मी स्वतःच मागून घेतलाय, एखाद्या लोकप्रतिनिधीनं देशाची सुरक्षा आणि सरकारचा जबाब या दोन गोष्टींवर सभागृहात काय काय मांडलं. सरांनी सुचवलं की गोपाळ कृष्ण गोखले घे. मला नवल वाटलं कारण शाळेत आपल्याला गोखले म्हणजे गांधीजींचे राजकीय गुरू, भारत सेवक समाज, सक्तीच्या शिक्षणाचं बिल, एवढंच शिकवतात, लष्करावर ते काही बोलले असतील हे डोक्यातच नव्हतं.

आता खरी अडचण. रविवारी घरी सगळे जेवायला बसलेलो तेव्हा हा विषय निघाला. माझे मोठे काका सुभेदार म्हणून रिटायर झालेत, ते म्हणाले की लष्कराच्या बाबतीत सभागृहात चौकशा करायच्याच नसतात, त्यानं जवानाचं मन खचतं आणि शत्रूला आयती बातमी मिळते. बाबांनीही मान डोलावली. मी काहीच बोलू शकले नाही कारण काका जे बोलतात ते अनुभवातून बोलतात, मी पुस्तकातून. पण रात्रभर ते डोक्यात राहिलं. संसदेनं पैसा मंजूर करायचा आणि तो कुठे गेला हे विचारायचं नाही, हे मला पटत नाहीये.

तर गोखल्यांना त्या काळात कौन्सिलमध्ये नक्की किती बोलता यायचं, काय बोलले, त्याचा काही उपयोग झाला का, आणि पुण्यात हे सगळं वाचायला कुठे मिळेल? आणि नंतरच्या काळातलं, म्हणजे स्वातंत्र्यानंतरचं, कोणाचं वाचावं? ज्यांना माहीत आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

पेठेतला_हिशेबनीस

ताई, तुमच्या सरांनी फार चांगला विषय दिलाय. मी आयुष्यभर सरकारी ऑडिटमध्ये नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर गोखल्यांची बजेटवरची भाषणं एकामागून एक वाचून काढली, त्यामुळे जरा लांबणार, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे अधिकार किती होते ते. १८९२ च्या कायद्यानं कौन्सिलच्या, म्हणजे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाच्या, सभासदांना बजेटवर बोलता यायचं आणि प्रश्न विचारता यायचे, पण बजेटवर मतदान नाही, आणि सरकारनं उत्तर दिलं की त्यावर उपप्रश्न नाही. म्हणजे मंत्री आज गोलमोल उत्तर देतो तेव्हा खासदार उठून पुढचा प्रश्न टाकतो ना, ते तेव्हा शक्यच नव्हतं. उपप्रश्न विचारायचा आणि ठराव मांडायचा हक्क १९०९ च्या सुधारणांनी आला, तोसुद्धा मर्यादित. सरकारी सभासदांचं बहुमत, खुर्चीवर स्वतः व्हाइसरॉय. अशा ठिकाणी हा माणूस १९०२ साली कलकत्त्याला जाऊन उभा राहिला, वय पस्तीस.

२६ मार्च १९०२ चं ते भाषण तुम्ही आधी वाचा, बाकी काही नाही वाचलं तरी चालेल. सात कोटींची शिल्लक दाखवली होती आणि सगळे अर्थसदस्याचं अभिनंदन करत होते. गोखल्यांनी सुरुवातच अशी केली की मला या अभिनंदनात मनापासून सामील होता येत नाही. आणि मग आकड्यांनी दाखवून दिलं की ही शिल्लक लोकांच्या भरभराटीतून आलेली नाही. रुपयाचा भाव १३ पेन्सवरून १६ पेन्सवर नेला, त्यामुळे विलायतेला पाठवायच्या रकमेला कमी रुपये लागायला लागले, पण रुपया घसरलेला असताना जे कर वाढवले होते ते तसेच ठेवले. दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, लोक उपाशी, आणि तिजोरी फुगलेली. मिठावरचा कर कमी करा ही मागणी त्यांनी तिथे केली आणि नंतर दरवर्षी करत राहिले. मणाला अडीच रुपये होता तो १९०३ ला दोन, १९०५ ला दीड आणि १९०७ ला एक रुपया झाला. सगळं श्रेय एकट्या गोखल्यांचं असं मी म्हणणार नाही, पण उपयोग झाला का असं तुम्ही विचारलंय म्हणून सांगितलं.

आता लष्कर. त्यांचा मुद्दा काय होता तो नीट समजून घ्या, कारण तुमच्या काकांना सांगायला तोच कामाचा आहे. सैन्य नको असं ते कधीच म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की हिंदुस्थानच्या पैशानं जी फौज ठेवलीय ती साम्राज्याच्या कामासाठीसुद्धा ठेवलीय, तीच फौज दक्षिण आफ्रिकेत आणि चीनमध्ये पाठवता येते म्हणजे ती सगळी इथल्या गरजेपुरती नाहीये, मग तिचा सगळा बोजा इथल्या शेतकऱ्यावर का. पुढे सरसेनापती किचनेरची लष्कराच्या फेररचनेची योजना आली तेव्हाही त्यांनी खर्चावर बोट ठेवलं. हेच ते १८९७ ला लंडनला, हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्षीत सांगून आले होते, तेव्हा वय एकतीससुद्धा नव्हतं (मे १८६६ चा जन्म, कमिशनपुढची उलटतपासणी वाचली की अंगावर काटा येतो). मला इथे महत्त्वाचं वाटतं ते असं की त्यांचे आकडे सगळे सरकारचेच असायचे. सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी म्हणून हेडमास्तर होते, आकड्यांत मुरलेला माणूस, १९०२ च्या भाषणाच्या तयारीत त्यांची मोठी मदत होती. सरकारी अहवालातले तक्ते काढायचे, वीस वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायचे आणि मग बोलायचं. अशा माणसाला देशद्रोही म्हणणं अवघड जातं.

आणि ही सवय कुठून लागली याबद्दल माझं एक मत आहे. १८९७ मध्ये ते लंडनला असताना इकडे पुण्यात प्लेग. घरझडतीत सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केल्याची पत्रं पुण्याहून त्यांना गेली, त्यांनी विश्वासानं तिथल्या पेपरला सांगितलं. परत आल्यावर पुरावा द्या म्हटलं तर लिहिणारे पुढे येईनात. गोखल्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यावरून त्यांना किती बोललं गेलं असेल याचा विचार करा, रँडचा खून नुकताच झालेला. अत्याचार झालेच नाहीत असा त्याचा अर्थ होत नाही, पण सिद्ध करता आले नाहीत. त्यानंतर हा माणूस पुराव्याशिवाय सभागृहात एक वाक्य बोललेला मला दिसला नाही.

वानवडीची_सीमा

मी थोडं वेगळं सांगते, राग मानू नका. माझे मिस्टर फौजेत आहेत आणि आत्ता उत्तरेकडे पोस्टेड आहेत, कुठे ते लिहिणार नाही. ताई तुझे काका जे म्हणतात ते मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. टीव्हीवर कोणी बसून अमुक ठिकाणी एवढी माणसं, अमुक रस्त्यानं रसद जाते असं बोलायला लागलं की माझा हात थरथरतो, मी चॅनल बदलते. सभागृहातसुद्धा कोणी अशी माहिती मागितली तर ती देऊ नये असंच मला वाटतं.

पण दुसरी बाजू पण मी पाहिलीय. २०२० च्या फेब्रुवारीत कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, रिपोर्ट संसदेत आला होता, उंचावरच्या जवानांचे कपडे, बूट, स्नो गॉगल, रेशन याबद्दल, की वेळेवर खरेदी झाली नाही आणि तुटवडा पडला. तो रिपोर्ट आल्यावर आमच्या क्वार्टर्समध्ये कोणाचं मन खचलं नाही. उलट बायका म्हणत होत्या की बरं झालं कोणीतरी लिहिलं. जवान स्वतः बोलू शकत नाही, त्याला शिस्त आहे, तो मोर्चा काढत नाही, युनियन करत नाही, मग त्याच्या बुटाबद्दल बोलणार कोण? खासदारच ना. त्यामुळे माझ्या मते कुठे आहेत हे विचारू नका, काय घालून आहेत हे जरूर विचारा.

कर्वेनगरची_वाचक

सीमाताई, हे वाक्य मी काकांना जसंच्या तसं सांगणार आहे, तुमच्या परवानगीनं. आणि हिशेबनीस काका, माफीची गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती, खूप खूप आभार. एक विचारू का, सीमाताई म्हणतात तो फरक, म्हणजे खरं गुपित कुठलं आणि नुसती सरकारची अडचण कुठली, यावर गोखले काही बोललेत का?

पेठेतला_हिशेबनीस

बोललेत ना, आणि नेमकं त्यावरच बोललेत. डिसेंबर १९०३, ऑफिशियल सीक्रेट्स बिल. १८८९ चा जो कायदा होता तो मुख्यतः लष्करी आणि आरमारी गुपितांसाठी. कर्झनच्या सरकारला त्यात मुलकी कारभाराच्या गोष्टीही घालायच्या होत्या, शिवाय आपला हेतू वाईट नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर, आणि गुन्हा बिनजामिनी. गोखल्यांनी कडाडून विरोध केला. लष्करी गुपित जपा याला कोणाचीच हरकत नाही, पण कचेरीतली फाइल पेपरात आली म्हणून संपादकाला आत टाकणार असाल तर या देशात सरकारवर जी काही थोडीफार नजर आहे ती वर्तमानपत्रांचीच आहे, तीही जाईल, असा त्यांचा रोख. इथे निवडून आलेलं सरकार नाही, लोकांना मत नाही, मग उरतं काय? १९०४ मध्ये ते बिल थोडेफार बदल करून पास झालंच, बहुमत सरकारचंच होतं. आज जो कायदा आहे तो १९२३ चा, पण वाद तोच आहे.

सीमाताई, तुम्ही दोन ओळीत सांगितलंत ते त्यांनी भाषणभर सांगितलंय. खरंच सांगतो.

शिवाजीनगर_कोर्टवाला

उशिरा आलो, पण स्वातंत्र्यानंतरचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मधू लिमये घ्या. पुण्यात जन्म, १ मे १९२२, फर्ग्युसनचे, गोवा सत्याग्रहात बारा वर्षांची शिक्षा झालेली आणि एकोणीस महिने तिथल्या तुरुंगात काढलेले. आणि गंमत नाही, अभिमानाची गोष्ट सांगतोय, हा पुण्याचा माणूस बिहारमधून निवडून यायचा, १९६४ ची पोटनिवडणूक आणि १९६७ मुंगेरहून, १९७३ आणि १९७७ बांक्याहून. हिंदीत बोलायचे, नियमांचं पुस्तक तोंडपाठ.

त्या काळाची पार्श्वभूमी लक्षात घे. चीनच्या युद्धात २६ ऑक्टोबर १९६२ ला आणीबाणी लागली आणि युद्ध महिन्याभरात थांबलं तरी ती आणीबाणी उठली १० जानेवारी १९६८ ला. पाच वर्षं! त्या काळात डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स वापरून कोणालाही आत टाकता यायचं. लिमयांचे नेते लोहिया, खासदार असूनसुद्धा, १९६५ च्या ऑगस्टमध्ये पाटण्यात याच नियमाखाली स्थानबद्ध. आदेशात लिहिलं होतं कायदा आणि सुव्यवस्था, नियमात होतं सार्वजनिक सुव्यवस्था. सुप्रीम कोर्टानं सोडलं. न्या. हिदायतुल्ला यांनी तिथे तीन वर्तुळांची उपमा दिली, सगळ्यात मोठं वर्तुळ कायदा आणि सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सगळ्यात आत राज्याच्या सुरक्षिततेचं. बाहेरच्या वर्तुळातली गोष्ट आतल्या वर्तुळाचं नाव लावून दडपायची नाही. तू लॉला आहेस म्हणजे हे शिकली असशील, पण सेमिनारला हे गोखल्यांच्या १९०३ शेजारी ठेव, दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

लिमये स्वतः ६ नोव्हेंबर १९६८ ला लखीसराय स्टेशनवर अटक झाले, तुरुंगातून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, अटकेची कारणं सांगितली नाहीत एवढ्या मुद्द्यावर सुटले. राज्यघटनेच्या कलम २२ चा तो निकाल आम्ही आजही कोर्टात वाचून दाखवतो. आणि १९७६ मध्ये तुरुंगात असताना लोकसभेची पाच वर्षं संपली आणि सरकारनं मुदत वाढवली, तेव्हा लोकांनी मला पाचच वर्षांसाठी पाठवलंय म्हणून राजीनामा दिला. त्यांनी आणि शरद यादवांनी. खासदारकीचं पेन्शनही त्यांनी कधी घेतलं नाही. माझ्यासाठी जबाबदारी या शब्दाचा अर्थ हा आहे, आपण ज्याच्याकडे जाब मागतो त्याच्याकडून काही घेऊन बसायचं नाही.

काकांना अजून एक सांग. १९६२ ला लोकसभा भरली ८ नोव्हेंबरला, युद्ध चालू असताना, आणि १६५ खासदार बोलले. गुप्त बैठक घ्या अशी सूचना एका खासदारानं केली होती, तशी सोय नियमांत आहे, नेहरूंनी ती मानली नाही, चर्चा उघड झाली. त्याच्या आदल्याच दिवशी कृष्ण मेनन मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते आणि नंतर संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. प्रश्न विचारल्यामुळे देश कमकुवत झाला असं त्या महिन्याबद्दल कोणी म्हणू शकत नाही.

औंधचा_प्रवासी

सगळं छान चाललंय पण पुण्याचा विषय आहे तर हे पण लिहून ठेवा. २९ मार्च २०२३ ला खासदार गिरीश बापट गेले. कायद्यानं सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी होती, लोकसभेची मुदत वर्षाहून जास्त उरली होती. झाली नाही. आयोगाचं म्हणणं की इतर निवडणुकांची कामं आहेत आणि निवडून येणाऱ्याला फार वेळ मिळणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टानं ताबडतोब घ्या म्हणून सांगितलं, जानेवारीत सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली, आणि पुण्याला खासदार मिळाला थेट जून २०२४ ला.

आता बघा, त्याच डिसेंबरात संसदेच्या प्रेक्षक गॅलरीतून दोघांनी लोकसभेत उड्या मारल्या. गृहमंत्र्यांनी सभागृहात येऊन निवेदन करावं म्हणून विरोधक अडून बसले आणि त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहं मिळून १४६ खासदार निलंबित झाले. निलंबित खासदार बाहेर असतानाच फौजदारी कायद्यांची तीन नवी बिलं मंजूर झाली. संसदेच्याच सुरक्षेचा प्रश्न, आणि पुण्याचा कोणी तिथे नव्हताच, ना विचारायला ना ऐकायला. मी कुठल्या पक्षाचा नाही, कोणीही निवडून आला असता तरी चाललं असतं, पण लाखो मतदारांच्या शहराची खुर्ची वर्षभर रिकामी राहिली याचं मला अजून वाईट वाटतं, आणि त्याहून वाईट याचं की आपण कोणी फारसं काही बोललो नाही. पाणी गेलं असतं दोन दिवस तर बोललो असतो.

पेठेतला_हिशेबनीस

औंधकर, बरोबर बोललात. गोखल्यांना मत नव्हतं, उपप्रश्न नव्हता, तरी खुर्ची रिकामी ठेवली नाही त्यांनी. १९१५ च्या फेब्रुवारीत गेले, वय ४८, तोपर्यंत कौन्सिलमध्ये होते, तब्येत पार ढासळलेली असताना.

ताई, कुठे वाचायचं ते राहिलं. बीएमसीसी रोडवर गोखले इन्स्टिट्यूटमध्ये जी लायब्ररी आहे ती मुळात भारत सेवक समाजाची, १९०५ पासूनची, सरकारी प्रकाशनांचा फार मोठा साठा आहे. कॉलेजचं पत्र घेऊन जा. लोकसभेची जुनी चर्चा हवी तर संसदेच्या डिजिटल लायब्ररीत मिळते, खासदाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधता येतं, मधू लिमयांचं हिंदीतलं हिंदीतच मिळेल. वाचताना एक करा, नुसतं भाषण वाचू नका, सरकारनं त्यावर काय उत्तर दिलं ते पण लगेच वाचा. ऑडिटमध्ये आम्ही हेच करायचो, आक्षेप एका बाजूला, खुलासा दुसऱ्या बाजूला. खरा प्रकार त्या दोघांच्या मधल्या जागेत सापडतो.

शिवाजीनगर_कोर्टवाला

आणि लोकलेखा समितीवर दोन ओळी टाक. २२ सदस्य, १५ लोकसभेचे ७ राज्यसभेचे, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो, पहिले मिनू मसानी. कॅगचा रिपोर्ट तिथे जातो. सीमाताईंनी जो बूट आणि गॉगलचा रिपोर्ट सांगितला त्याची वाट तीच. सभागृहात भाषण गाजतं पण सचिवाला समोर बसवून कागद मागायचं काम या समितीत होतं, कॅमेरा नसतो, त्यामुळे तिथे कोण मेहनत घेतो ते लोकांना कळतच नाही. आणि माहिती अधिकाराचा २००५ चा मूळ कायदा उघडून कलम ८ बघ, जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती कोणालाच नाकारता येणार नाही असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे तेव्हा खासदार आणि तू एका पायरीवर होतात.

कर्वेनगरची_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. शनिवारी लायब्ररीत जाऊन आले, १९०२ चं भाषण अर्धं वाचून झालंय. भाषा अवघड आहे पण आकडे आले की एकदम सोपी वाटायला लागते.

काल काकांना फोन केला होता. सीमाताईंचं वाक्य सांगितलं, बुटांचं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की ८७ साली बर्फात त्यांच्या तुकडीला जे हातमोजे मिळाले होते ते एक नंबर लहान होते, दोन पोरांची बोटं गेली, आणि त्याबद्दल त्यांनी आजपर्यंत घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं तुम्ही तेव्हा कुठे तक्रार केली का. म्हणाले कोणाकडे करणार. सेमिनारला ते येणार आहेत, त्यांनी स्वतःच तारीख विचारली.

वानवडीची_सीमा

काकांना माझा नमस्कार सांग. आणि त्यांची हरकत नसेल तर ते हातमोज्यांचं सेमिनारमध्ये सांग, नाव न घेता.